अठ्ठावन्न अंशांची अट

पिशवीवर हिरव्या अक्षरांत ‘कंपोस्टेबल’ असं छापलं होतं. पपई घेतली त्या दुकानातून ती घरी आली. हाताला मऊ, जराशी पिठूळ, नेहमीच्या पिशवीसारखी चुरचुरत नव्हती. डोंबिवलीच्या आमच्या बाल्कनीत खताचा ड्रम मी नुकताच सुरू केला होता, त्यामुळे प्रश्न सरळ होता. ही पिशवी ड्रममध्ये जाईल का?

सरळ उत्तर मात्र मिळेना. दुकानदार म्हणाला, “बिनधास्त टाका ताई, मक्यापासून केलीय.” शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच. झाडं मरतील तुझी.” घंटागाडीवरच्या मावशींना विचारलं, तर त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि सुक्या कचऱ्यात टाकली. “आम्हाला सगळ्या एकसारख्याच दिसतात. थांबून वाचायला वेळ कुठाय?” तिघंही खरेपणानंच सांगत होते आणि तिघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं. भाजीच्या देठांचं खत नेमकं कसं होतं हे मी तेव्हा कुठे शिकू लागले होते. त्यात हे कोडं. विचारत बसण्यापेक्षा पुरून बघावं, असं ठरवलं.

कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला असले प्रश्न जरा जास्तच लागतात. आधारवाडीचं डम्पिंग ग्राउंड आम्ही वर्षानुवर्षं पाहिलंय. खाडीकाठी उभा राहिलेला कचऱ्याचा डोंगर, उन्हाळ्यात त्याला लागणाऱ्या आगी, कल्याण पश्चिमेच्या घराघरांत शिरणारा धूर. कचऱ्याची धड व्यवस्था नाही म्हणून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं इथल्या नव्या बांधकामांना मनाई केली होती. पुढे मे २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, महापालिकेनं शून्य कचरा मोहीम हाती घेतली. वेंगुर्ल्यात कचऱ्याचं काम करून दाखवलेले रामदास कोकरे तेव्हा इथे उपायुक्त होते. ओला आणि सुका वेगळा केल्याशिवाय कचरा घ्यायचा नाही, असा आग्रह सुरू झाला आणि वर्षभरानं, मे २०२१ मध्ये, आधारवाडीला कचरा टाकणं थांबलं. आमच्या घरात दोन डबे आले ते तेव्हापासून. या दोन डब्यांवर माझा मनापासून विश्वास आहे. म्हणूनच दोन्हींपैकी कशातच न बसणारी ही पिशवी मला स्वस्थ बसू देईना.

ती बाजारात आली कशी, तेही वाचून काढलं. राज्याची प्लॅस्टिकबंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं आली. देशभरात एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यानं कंपोस्टेबल पदार्थांच्या ताटल्या, पेले, चमचे वगैरेंना वाट मोकळी करून दिली. अट अशी की सिपेट ही संस्था आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचं प्रमाणपत्र हवं. म्हणजे रसाच्या दुकानातल्या पारदर्शक पेल्यासारख्या वस्तू कायद्यानं इथे आल्या आहेत. कायदा त्यांना वेगळं मानतो. ओल्या-सुक्याच्या डब्यांना मात्र त्या कोण हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

प्रयोग करायचा धीर मला श्रीपाद दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’विषयी वाचलं होतं त्यातून आला. साध्या शेतकऱ्यानं आपल्या वावरात एक प्रश्न घ्यायचा, त्यावर प्रयोग करायचा आणि जे दिसलं ते पत्रानं बाकीच्यांना कळवायचं, अशी ती रीत. प्रयोगशाळा लागत नाही. नोंद ठेवणारं माणूस लागतं.

मग वस्तू जमवल्या. तसल्याच पिशव्या. रसाचा पारदर्शक पेला, ज्याच्या तळाशी ‘पीएलए’ असं कोरलेलं होतं. उसाच्या चिपाडाची पांढरट ताटली. सुपारीच्या विरीची वाटी. लाकडी चमचा. चहाचा साधा कागदी कप. त्यावर कसलाही दावा नव्हता, पण कागद म्हणून घेतला. लक्ष्मी मार्केटबाहेर मुरबाडकडून आलेल्या एक आजी बसतात, त्यांच्याकडून पळसाच्या पानांच्या पत्रावळी. शिवाय दोन साक्षीदार: एक वर्तमानपत्राचा कागद, जो कुजायलाच हवा, आणि एक नेहमीच्या प्लॅस्टिकचा तुकडा, जो कुजता कामा नये. हे साक्षीदार ठेवणं फार कामाचं ठरलं. कागदसुद्धा जसाच्या तसा निघाला असता, तर दोष पिशवीचा नसून ढिगाचा, हे लगेच कळलं असतं. नंतर वाचलं की प्रयोगशाळेतही असंच करतात. तिथे कागदाऐवजी शुद्ध सेल्युलोज घेतात, इतकंच.

मोठ्या वस्तूंचे हाताएवढे तुकडे केले, पेला-कपासारख्या लहान तशाच ठेवल्या आणि सगळं कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरलं. जाळीतून ओल जाते, किडे जातात, खत आत शिरतं आणि तुकडे हरवत नाहीत. तीन संच केले. एक माझ्या ड्रमात. दुसरा कल्याणला पारनाक्याजवळ आत्या राहते तिच्या जुन्या घराच्या परसात, मातीच्या खड्ड्यात. तिसरा ठाण्याला घोडबंदर रोडवर मावसबहिणीच्या सोसायटीत. दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं, आणि तिथे त्यासाठी विटांचे मोठे हौद बांधले आहेत. आत्यानं जाळी हातात घेऊन विचारलं, “हे खड्ड्यात घालू? आणि काढायचं कधी?” मी म्हटलं, “तू नको काढूस, मी येईन.” ती म्हणाली, “काढायला लागतं ते खत कसलं गं?” तिचा हा प्रश्न पुढे माझ्या डोक्यातून गेला नाही.

पाऊस सुरू व्हायच्या थोडं आधी सगळं पुरलं. माझ्या ड्रमात भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि त्यावर दरवेळी वाळलेल्या पानांचा थर. ओल्यात नायट्रोजन, सुक्यात कार्बन. कार्बन नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट असला की जिवाणूंचं बरं चालतं. हे प्रमाण घरी मोजता येत नाही, पण वासावरून कळतं. आंबूस, कुबट वास आला की सुकं घालायचं, वर-खाली करायचं. पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की पाचोळा गोणीत भरून घरात ठेवावा लागला.

गणपतीच्या सुमारास पहिल्यांदा जाळी उघडली आणि गोंधळ वाढला. पळसाची पत्रावळ नव्हतीच. पानं टाचलेल्या बांबूच्या चोया तेवढ्या मिळाल्या. वर्तमानपत्राचा काळा लगदा झाला होता. उसाच्या चिपाडाची ताटली बोटानं दाबली की तंतू सुटत होते. सुपारीची वाटी नरम पडली होती, पण शिरा शाबूत. चमचा काळवंडलेला, बाकी चमचाच. कागदी कपानं मला सर्वांत जास्त चकित केलं. कागद निघून गेला होता आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर कपाच्या आकारात, तळाच्या गोल शिवणीसकट, उभं होतं. इतके दिवस ज्याला मी कागद समजून चहा घेत होते, तो एका पारदर्शक पिशवीला बाहेरून चिकटवलेला कागद होता.

पिशवी? तिला भोकं पडली होती, ओढली की फाटत होती, पण ती होती. अक्षरंही वाचता येत होती. आणि पीएलएचा पेला धुऊन पुसला असता, तर पुन्हा रस भरता आला असता. कडेला थोडा धुरकटपणा, एवढाच काय तो फरक. शेजारी पुरलेल्या साध्या प्लॅस्टिकपेक्षा तो वेगळा आहे हे डोळ्यांना तरी दिसत नव्हतं.

मग वाचायला बसले. कंपोस्टेबल प्लॅस्टिकसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्याच्या पोटात शिरल्यावर एक आकडा पुन्हा पुन्हा समोर येतो: ५८ अंश सेल्सिअस, दोन अंश इकडे-तिकडे. त्या तापमानात वस्तूतल्या कार्बनपैकी ९० टक्क्यांचं १८० दिवसांच्या आत कार्बन डायऑक्साइड झालं पाहिजे. आणि बारा आठवड्यांनी खत दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलं, तर वर दहा टक्क्यांहून जास्त तुकडे राहता कामा नयेत. म्हणजे पिशवीवरचा दावा खोटा नव्हता. तो दुसऱ्या ढिगाबद्दल होता. पिशवीची घडी उलगडून बारीक अक्षरं वाचली, तर तिथेही औद्योगिक कंपोस्टिंगचा उल्लेख इंग्रजीत, तांदळाएवढ्या अक्षरांत सापडला.

अठ्ठावन्नच का, हे समजायला मला वेळ लागला. पीएलए म्हणजे मका किंवा ऊस यांच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करून, त्याचे रेणू एकमेकांना जोडून केलेली लांब साखळी. ही साखळी साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली घट्ट बसलेली असते, थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल गोठून बसतं तशी. तापमान त्याच्या वर गेलं की ती सैल पडते, पाणी आत शिरतं आणि साखळी ठिकठिकाणी तोडतं. तुकडे पुरेसे लहान झाले की मगच जिवाणू ते खातात. आधी उष्णता, मग पाणी, मग जिवाणू. पहिली पायरीच नसेल, तर माझ्या ड्रमातले जिवाणू कितीही कष्टाळू असोत, त्यांच्यापर्यंत घास पोचतच नाही. पिशवीची गोष्ट थोडी निराळी. अशा पिशव्यांत बहुधा स्टार्च किंवा पीएलए यांच्यासोबत पीबीएटी नावाचं लवचीक प्लॅस्टिक मिसळलेलं असतं. ते खनिज तेलापासून बनतं, तरी जिवाणूंना पचवता येतं. स्टार्चचा भाग कमी उष्णतेतही लवकर जातो, म्हणून भोकं पडतात. बाकीचं मागे रेंगाळतं. दुकानदाराचं ‘मक्यापासून केलीय’ हे खरं होतं, अर्ध्यापुरतं.

लांब दांड्याचा तापमापक आणून ड्रममध्ये खुपसला. ताज्या साली घातल्यावर दोन-तीन दिवस पारा चढायचा, चाळिशी ओलांडायचा, कधी पन्नाशीजवळ जायचा आणि मग बाहेरच्या हवेच्या बरोबरीला यायचा. डोंबिवलीचा उन्हाळा आठवून मला वाटायचं, इतक्या उकाड्यात आणखी उष्णता कसली हवी? पण ढिगाची उष्णता जिवाणूंच्या खाण्यातून येते, आणि ती धरून ठेवायला ढीगच मोठा लागतो, लांबी-रुंदी-उंचीला निदान तीन-तीन फूट. ड्रमाएवढ्या जागेत जितकी उष्णता तयार होते तितकी कडांतून निघून जाते. आत्याच्या खड्ड्यात तर पारा हललाच नाही. तिथे गांडुळं होती, गार काळी माती होती, आणि काम संथ पण अतिशय निगुतीनं चाललं होतं. सुपारीची वाटी तिथे माझ्याहून चांगली जिरली होती. पेला मात्र नवाकोरा.

आता सगळी आशा ठाण्याच्या हौदावर होती. तिथे काम बघणारे माळीकाका वीसेक वर्षं मातीत हात घालणारे. “ताई, मधोमध हात घालू नका, भाजेल,” हे त्यांचं पहिलं वाक्य. तापमापक मध्यात घातला आणि पारा साठच्या आसपास थांबला. मला झालेला आनंद त्यांना विचित्र वाटला असणार. जाळी काढली. पेला ओळखू येत नव्हता. दुधाळ पांढरा झालेला, आक्रसून वाकडा झालेला. चिमटीत धरला तर खडीसाखरेचा असावा तसा मोडला. पिशवीचे नखाएवढे चार कपटे राहिले होते. हे मी माझ्या हातांनी मोडलं म्हणून ठामपणे सांगते: योग्य ढिगात ही वस्तू खरंच विरघळू लागते. शेजारच्या काकूंचं ‘प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच’ हेही त्यामुळे पुरतं बरोबर नाही.

पण त्याच हौदात एक जाळी कडेला, भिंतीला लागून ठेवली होती. तिथला पारा पंचेचाळिशीच्या खाली, आणि तिथला पेला जवळजवळ जसाच्या तसा. एकाच ढिगात हातभर अंतरावर दोन वेगळे निकाल. ढीग वारंवार पालटला, कडेचं मध्ये आणि मधलं कडेला केलं, तरच प्रत्येक तुकड्याला उष्णतेची पाळी मिळते.

तिथेच माळीकाकांनी एक अडचण सांगितली, जी मी कुठल्याही मानकात वाचली नव्हती. ते दीड महिन्यात हौद रिकामा करतात. भाजीपाल्याला तेवढं पुरतं, आणि नवा कचरा तर रोज येतच असतो. मानक बारा आठवडे देतं, ते निम्म्या वेळात खत काढून चाळतात. चाळणीवर कपटे राहिले की ते हातानं वेचायचे कुणी? “खतात प्लॅस्टिक दिसलं की लोक घेत नाहीत. आता हे कुठलं प्लॅस्टिक, ते मी कसं सांगू?” शिवाय एकदा अशा पिशव्या चालतात म्हटलं, की त्यांच्यासोबत साध्या पिशव्याही येणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी पिशव्या सरसकट बंद ठेवल्या आहेत आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

हा गोंधळ आपल्यापुरता नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडननं २०१९ मध्ये ब्रिटनभरच्या लोकांना आपापल्या परसात असाच प्रयोग करायला सांगितलं होतं. नऊ हजारांहून जास्त जणांनी नावं नोंदवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले: घरच्या ढिगात तपासलेल्या कंपोस्टेबल प्लॅस्टिकपैकी ६० टक्के पूर्ण विघटित झालं नव्हतं. त्यात घरगुती म्हणून खपवलेल्या वस्तूही होत्या. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्समध्ये घरच्या ढिगासाठी वेगळी मानकं आहेत, ज्यांत चाचणी वीस-तीस अंशांच्या सौम्य तापमानात आणि वर्षभराच्या मुदतीत होते. त्या चाचणीत उतरलेली पिशवी माझ्या ड्रममध्ये टिकाव धरणार नाही, असं मला आता वाटतं. पण पाहिल्याशिवाय लिहिणार नाही.

दिवाळीपर्यंत माझ्या ड्रमातली उसाची ताटली पूर्ण गेली. सुपारीच्या वाटीच्या शिरा तेवढ्या उरल्या, त्या पुढच्या भरणीत परत टाकल्या. ड्रममध्ये ज्याचं खत झालं ते सगळं आपल्या लोकांना शेकडो वर्षं ठाऊक असलेलं: पान, विरी, चिपाड, कागद. मुरबाडच्या आजींच्या पत्रावळीला कुणाचं प्रमाणपत्र लागलं नाही, अठ्ठावन्न अंशही लागले नाहीत. घरी हळदीकुंकू असो की सोसायटीची पूजा, मी आता पत्रावळी आणि द्रोणच आणते, आणि ती फक्त आवड राहिलेली नाही. तीन ठिकाणी पुरून पाहून घेतलेला निर्णय आहे. फळं आणायला कापडी पिशवी नेते.

ज्या कंपोस्टेबल वस्तू तरीही घरात येतात, त्यांचं काय करायचं, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही. ओल्यात टाकल्या तर पुढे कुणीतरी वेचून काढणार. सुक्यात टाकल्या तर भंगारात जाणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून ते खराब करणार, कारण पीएलए आणि नेहमीचं प्लॅस्टिक एकत्र वितळवून चालत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे दोन गोष्टी तातडीनं व्हायला हव्यात. किती अंशांवर, किती दिवसांत आणि कसल्या ढिगात, हे पिशवीवर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापलं जावं. आणि महापालिकांनी ही वस्तू कोणत्या डब्यात टाकायची ते एकदा स्पष्ट सांगावं, म्हणजे घंटागाडीवरच्या मावशींना रस्त्यात उभं राहून ताणून बघावं लागणार नाही.

तोपर्यंत दुसरी फेरी सुरू केली आहे. या वेळीही ठाण्याच्या हौदात मधोमध आणि कडेला अशा दोन्ही जागी जाळ्या आहेत, माळीकाकांनी त्यांना लाल सुतळी बांधून घेतली आहे, आणि हौद रिकामा झाला तरी त्या नव्या भरणीत परत घालायचं कबूल केलंय. तुमच्याकडे ढीग असेल, सोसायटीचा, शेतावरचा, गोठ्यामागचा, तर तुम्हीही एक जाळी पुरा. सोबत वर्तमानपत्राचा एक कागद ठेवा, मध्यातलं आणि कडेचं तापमान वेगवेगळं मोजा, आणि पारा पन्नासच्या वर किती दिवस टिकला ते लिहून कळवा.